संध्याकाळी पाचला व्हिडिओवर मुलाखत आहे, घरात चेहरा नीट दिसत नाही. काय करू?

पेठेतली_मी

नमस्कार मंडळी. ६ नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता माझी व्हिडिओवर मुलाखत आहे. कंपनी पुण्याची, काम अकाउंट्सचं, घरूनच करायचं. लेक झाल्यावर नोकरी सुटली, आता ती पहिलीत गेलीय म्हणून पुन्हा सुरुवात करतेय. जीएसटी, टॅली, बँकेचा ताळमेळ, सगळ्याची तयारी झालीय. त्यातलं काही विचारायचं नाही. अडचण दिसण्याची आहे.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं, तळमजल्यावर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना लागून, त्यामुळं खिडकी एकच. समोरच्या खोलीला, गल्लीकडं उघडणारी, पश्चिमेची. मागं स्वयंपाकघर, तिथं दिवसाही ट्यूब लावावी लागते. खिडकीखाली सासऱ्यांची जुनी लाकडी कॉट आहे, ती हलवायची म्हणजे चार माणसं लागतात. मी कॉटवर बसून टीपॉयवर लॅपटॉप ठेवते.

काल पुण्यातल्या नणंदेला कॉल करून बघितला. ती म्हणाली, "वहिनी, खिडकी झकास दिसतेय, तुम्ही कुठायत?" मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले, तर ट्यूब बरोबर डोक्यावर आली. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, वर फिरणारा पंखा, आणि हनुवटीच जास्त दिसत होती. चष्म्यावर पांढऱ्या पट्ट्या त्या वेगळ्याच.

घरातले म्हणतात तो कड्यासारखा गोल रिंग लाइट मागव. धाकटे दीर म्हणतात फिल्टर लावा, गोऱ्या दिसाल, आणि मागं ऑफिसचं चित्र टाका. मी सावळी आहे, आणि कमी उजेडात तर चेहऱ्याचा पत्ताच लागत नाही. समोरच्या माणसाला मी नीट दिसावी, एवढंच हवंय. बसू कुठं, घालू काय, मागं काय ठेवू? खर्च हजार-बाराशेच्या वर नको. जाणकारांनी सांगावं.

गल्ली_अकरावी

ताई, रिंग लाइट घ्या, विषय कट. मी राजारामपुरीत दुकानातल्या भांड्यांचे व्हिडिओ करतो, त्याच्यावरच चाललंय सगळं. दहा इंची, स्टँडसकट, तुमच्या बजेटमध्ये बसतोय. मोबाईल मधोमध लावायचा आणि सुरू. मुलाखतीला शुभेच्छा.

करवीरचा_फोटोवाला

ताई, मागवायच्या आधी जरा माझं ऐका. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पाडणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. पासपोर्टच्या फोटोपासून लग्नापर्यंत सगळं केलं, आता स्टुडिओ मुलगा बघतो. तुमच्याकडं पश्चिमेची खिडकी आहे आणि मुलाखत पाचला आहे, हे वाचून मला आनंद झाला. तुम्हाला हवा तो उजेड घरातच आहे, तुम्ही त्याच्याकडं पाठ करून बसताय इतकंच.

कॅमेरा काय करतो ते आधी सांगतो. चौकटीत जेवढं दिसतंय, त्या सगळ्याच्या उजेडाचा तो अंदाज घेतो. मागं उघडी खिडकी असली की त्याला वाटतं खूप उजेड आहे, म्हणून तो सगळं चित्र मंद करतो. खिडकी छान येते आणि पुढचं माणूस काळं पडतं. नणंदबाईंना तेच दिसलं. ह्यात तुमच्या रंगाचा काही संबंध नाही. त्या जागी गोरीपान बाई बसवली तरी तीही काळीच दिसेल.

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव तुम्ही बघितला असणार. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. ९ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांवर पडतात, १० ला मूर्तीच्या मध्यापर्यंत चढतात आणि ११ ला मुखापर्यंत पोचतात. जानेवारीच्या ३१ तारखेपासून २ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तसंच. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना उजेड कळत होता. समोरून, आडवा येणारा उजेड थेट चेहऱ्यापर्यंत जातो. डोक्यावरचा उजेड कपाळावर आणि नाकावर पडतो, आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली राहते. तुमच्या ट्यूबखाली ते काळे खड्डे त्यामुळंच. आणि तुमची मुलाखत तर किरणोत्सवाच्या तीनच दिवस आधी आहे. सूर्य त्याच बाजूला असणार, आणि मुलाखत संपेपर्यंत तसाच खाली येत जाणार.

आता कॉट हलवायची नाही म्हणता ना, नका हलवू. गादी गुंडाळून बाजूला ठेवा आणि टीपॉय उचलून कॉटवर चढवा. त्याच्यावर लॅपटॉप, पडद्याची पाठ खिडकीकडं. तुम्ही कॉटच्या अलीकडं खुर्ची टाकून खिडकीकडं तोंड करून बसा. कॅमेऱ्याचं भिंग तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. कमी पडलं तर खाली पाट सरकवा, पाट चांगला, डगमगत नाही. भिंग खाली राहिलं की नाकपुड्या आणि पंखा दिसतो, फार वर गेलं की माणूस कुणाची तरी विनवणी करत असल्यासारखा दिसतो. डोळ्यांच्या रेषेत असलं की बरोबरीनं बोलतोय असं वाटतं, आणि मुलाखतीत तेच पाहिजे.

लॅपटॉपपासून दोन हात तरी लांब बसा. फार जवळ बसलं की नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे दिसतात. तो दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे.

पाच वाजता गल्लीतल्या घरांवरून उन्हाची तिरीप सरळ आत येत असेल तर डोळे बारीक होतील आणि अर्धा गाल पांढराफट्ट पडेल. त्याला उपाय पांढरं सुती कापड. जुनं धोतर असलं तर सगळ्यात उत्तम, धुऊन धुऊन ते मऊ आणि विरळ झालेलं असतं. एकेरी करून खिडकीच्या गजांना बांधा, घट्ट, सुरकुती न ठेवता. ऊन त्या कापडावर पडलं की कापडच दिव्याचं काम करतं. दिवा जेवढा मोठा तेवढी सावली मऊ, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दहा इंची रिंग लाइट आणि चार फुटी धोतर यात मी डोळे झाकून धोतर घेईन. शिवाय तुम्हाला चष्मा आहे. रिंग लाइट लावलात तर दोन्ही काचांत दोन पांढरी कडी दिसतील आणि समोरच्याला तुमचे डोळे दिसायचे नाहीत. वरच्या भावानं सांगितलं ते त्याच्या मालासाठी बरोबर आहे, भांड्याला चष्मा नसतो.

ह्यात नवीन काही नाही. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास ह्याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. त्या काळात चित्रीकरण व्हायचं ते बहुतेक सूर्याच्या उजेडावर, आणि कडक ऊन पांढऱ्या कापडातनं गाळून घ्यायची रीत होती. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं जाताना मी अजून मान लववतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुलाखत पाऊण तास चालली तर शेवटी उजेड पिवळा होत जाईल आणि मग पडेल. म्हणून टेबलावरचा दिवा आधीपासून लावून ठेवा, मध्येच उठायला नको. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब पुरतो. दिव्याचं तोंड स्वतःकडं करू नका. लॅपटॉपच्या शेजारी, तुमच्याकडं तोंड करून थर्माकोलची एक शीट उभी करा आणि दिवा त्या शीटवर मारा. तिथनं परतून येणारा उजेड मऊ असतो. गणपतीच्या जुन्या मखरातली उरलेली शीट असली तर तीच वापरा, नसली तर पांढरा पुठ्ठा चालतो. डोक्यावरची ट्यूब बंद. ट्यूब निळसर पांढरी, साधारण ६,५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळा बल्ब २,७०० ते ३,०००, आणि बाहेरची संध्याकाळ तिसऱ्याच रंगाची. कॅमेऱ्याला एका वेळी एकच रंग पांढरा धरता येतो, म्हणून अशा मिसळीत एक गाल निळा आणि एक पिवळा दिसतो. तुमच्या वेळेला पिवळसर बल्ब मावळतीशी जुळेल.

आणि मुलाखतीच्या आधी भिंग पुसा. चष्म्याच्या फडक्यानं, अलगद. लॅपटॉप उघडता-मिटता बोटाचा तेलकट ठसा तिथं बसतोच, आणि मग सगळं धुक्यातनं बघितल्यासारखं येतं.

मागचं दुसऱ्या वेळी लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

हिंजवडीचा_कोल्हापुरी

काकांनी उजेडाचं इतकं नेमकं सांगितलंय की त्यात भर घालण्यासारखं काही नाही. मी पलीकडच्या बाजूचं सांगतो, कारण आमच्या टीमसाठी मुलाखती मीच घेतो.

ताई, घर जुनं आहे, खोली लहान आहे, हे आम्ही बघत नाही. खरंच नाही. आमच्या मनात राहतं ते बोलणं आणि आवाज. चित्र थोडं अस्पष्ट असलं तर चालतं, पण आवाज तुटला की प्रश्न दोनदा विचारावा लागतो आणि दोघांचीही लय जाते. म्हणून लॅपटॉपच्या माइकवर बोलू नका, वायरचे साधे इयरफोन लावा. पाच वाजता गल्लीत पोरं खेळत असणार, इयरफोनचा माइक तोंडाजवळ असतो म्हणून तुमचा आवाज त्यातनं उठून येतो. वर पंखा नको. नोव्हेंबर आहे, पाऊण तास निघेल.

वायफायचा राउटर मागच्या खोलीत असेल तर जुन्या जाड भिंतींतून सिग्नल फार पडतो. त्या वेळेपुरता राउटर समोर आणा किंवा केबल जोडा. आणि लेकीचं यूट्यूब तेवढा वेळ बंद. नेट कमी पडलं की अॅप आधी चित्राची धार कमी करतं, आणि मग काकांनी सांगितलेला सगळा उजेड वाया.

बोलताना भिंगाकडं बघा. सारखं नाही, तसं कुणाला जमत नाही आणि विचित्रही दिसतं. प्रश्न ऐकताना पडद्यावर बघितलंत तरी चालेल, उत्तर द्यायला सुरुवात करताना मात्र नजर भिंगावर आणा. समोरच्याची चौकट लहान करून ओढत पडद्याच्या वरच्या कडेला, भिंगाच्या अगदी खाली आणून ठेवली की हे आपोआप होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःची चौकट लपवा. आधी बघून घ्या की उजेड नीट आहे, चौकट नीट आहे, आणि मग तुमच्या चित्रावरच्या तीन ठिपक्यांत जाऊन ते तुमच्यापुरतं बंद करा. समोरच्याला तुम्ही दिसतच राहता. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलनं येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली होती, त्यातलं एक हेच, की दिवसभर समोर आरसा धरून बसल्यासारखं होतं. मुलाखतीत मी रोज बघतो, उमेदवार बोलता बोलता केस सारखे करतात, मान वाकडी करून स्वतःला बघतात आणि उत्तराचं टोक हातातून सुटतं. हुशार माणसं असतात हो. वाईट वाटतं.

मेघा_कसबा_बावडा

मी पार्लर चालवते, म्हणून कपड्यांचं आणि चेहऱ्याचं सांगते.

ताई, बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा कुर्ता नको. कॅमेऱ्यात ती नक्षी वळवळते, बघणाऱ्याचे डोळे तिथंच जातात. पांढराशुभ्र नको, कारण पांढरं मोठं असलं की कॅमेरा सगळंच मंद करतो आणि चेहरा पुन्हा खाली जातो. काळाही नको. सावळ्या रंगावर गडद निळा, रामा, डाळिंबी, मोरपंखी, हे रंग पडद्यावर फार सुरेख येतात. साडी नेसणार असाल तर कॉटन किंवा साधी सिल्क, जरीचा काठ खांद्यावर चमकणार नाही असं बघा. पदर तुम्हाला पडद्यावर उलट्या खांद्यावर दिसेल. घाबरू नका, स्वतःचं चित्र स्वतःला आरशातल्यासारखं दिसतं, समोरच्याला सरळच दिसतं.

कानात झुमके किंवा लोंबते डूल नको. इयरफोनच्या वायरला घासतात आणि समोर खुळखुळ ऐकू जाते. कुड्या घाला, छान दिसतात.

चेहऱ्यावर फार काही करू नका. आधी धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावा, मग कपाळ, नाकाचा शेंडा आणि हनुवटी एवढ्या तीन जागी पावडर दाबून लावा, कारण कॅमेऱ्यात तिथंच तेल चमकतं. पावडर स्वतःच्या रंगाची. एक शेड उजळ घेतलीत तर चेहरा आणि मान वेगवेगळी दिसते आणि दिवसाच्या उजेडात ते लपत नाही. काजळाची बारीक रेघ, ओठांवर अंगच्या रंगापेक्षा थोडा गडद रंग, कारण कॅमेरा ओठ फिके करतो. टिकली लावत असाल तर जरूर लावा. केस एका बाजूनं कानामागं घ्या, म्हणजे गालावर सावली पडत नाही.

काका, मागच्या पडद्याचं लिहा की. माझ्या पोरीचा ऑनलाइन क्लास असतो, ती रोज मागं समुद्र लावते आणि तिचा अर्धा कान समुद्रात जातो.

करवीरचा_फोटोवाला

लिहितो, मेघाताई. तुमचं पावडरचं अगदी बरोबर.

पूर्वी आमच्या स्टुडिओत रंगवलेले पडदे असायचे. महिरप, जिना, बाग, लांबवर तळं. माणसं गावाकडनं यायची, त्या पडद्यापुढं उभी राहायची आणि फोटो घरात पिढ्यानपिढ्या टांगायची. बाबूराव आणि आनंदराव पेंटर ह्या नात्यातल्या भावांची सुरुवातही संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यातच झाली. तेव्हा मागं चित्र असण्याला माझी हरकत असायचं कारण नाही. पण रंगवलेला पडदा खरोखर मागं उभा असायचा, त्याच्यावर आणि माणसावर उजेड एकाच बाजूनं पडायचा. कॉम्प्युटरचा पडदा माणसाच्या कडेनं कात्री चालवतो. कमी उजेडात ती कात्री चुकते, केस, कान, चष्म्याची दांडी कापली जाते, हात हलवला की बोटं गायब. ऑफिसचं चित्र असेल तर त्यातला उजेड एका बाजूनं आणि तुमच्यावर दुसऱ्या बाजूनं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

ताईंनी मागची आपली भिंतच ठेवावी. खुर्ची आणि भिंत यांच्यात चार-पाच फूट मोकळे सोडा, म्हणजे तुमची सावली भिंतीवर पडत नाही. कॅलेंडर आणि वाळत घातलेले कपडे तेवढे काढा. एखादं रोप किंवा पुस्तकांचा मांडणीचा कोपरा एका बाजूला राहू दे. स्वयंपाकघराचं दार चौकटीत येत असेल तर पडदा ओढा, कारण तिथली ट्यूब मागनं चमकेल.

पेठेतली_मी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आज पाचलाच पुन्हा करून बघितलं. टीपॉय कॉटवर चढवला, सासऱ्यांचं धोतर खिडकीला बांधलं. सासरे आधी चकित झाले, मग स्वतःच गाठी मारायला पुढं आले. नणंदेला कॉल लावला तर ती दोन क्षण काही बोललीच नाही, मग म्हणाली, "वहिनी, तुमच्या डोळ्यात चमक दिसतेय." मोरपंखी कुर्ता ठरला.

दोन अडचणी राहिल्यात. साडेपाचनंतर टेबलावरचा दिवा जोर धरतो, तेव्हा चित्रात आडव्या काळसर पट्ट्या हळूहळू वर सरकताना दिसतात. आणि थर्माकोलचा पांढरा चौकोन चष्म्यात दिसतो. दीर म्हणतात, फिल्टर लावला की हे सगळं झाकलं जाईल.

करवीरचा_फोटोवाला

डोळ्यातली ती चमक म्हणजे तुमची खिडकीच आहे, ताई. बुबुळात तिचा चौकोन दिसतो. आम्ही फोटो काढताना आधी तीच शोधतो. ती नसली की माणूस चित्रात हजर नसतो.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आणि पुष्कळदा कॅमेरा त्या हिशेबावर ठेवलेला असतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर (उजेडाचं थरथरणं) कमी करायचा पर्याय शोधा आणि तिथं ५० हर्ट्झ ठेवा. तसा पर्याय नसेल तर बल्ब बदला. स्वस्तातल्या एलईडी बल्बांत हे थरथरणं जास्त असतं. दुकानात बल्ब लावून दाखवायला सांगा आणि मोबाईलचा कॅमेरा त्याच्याजवळ धरून बघा. मोबाईलच्या पडद्यावर पट्ट्या पळाल्या तर तो बल्ब ठेवा तिथंच.

चष्म्याचं सोपं आहे. काचेवर उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो. शीट लॅपटॉपला चिकटून असेल तर तो उजेड सरळ भिंगात जातो. शीट बाजूला सरकवत न्या, थोडी उंच करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पडद्यावर लक्ष ठेवायला सांगा. एका जागी आली की चौकोन काचेतनं निघून जातो. तरी राहिलाच तर चष्म्याच्या दांड्या कानावरनं किंचित, अगदी गव्हाच्या दाण्याएवढ्या वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतात. आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा. पांढरं पान उघडं ठेवलं तर तेही काचेत दिसतं.

आता फिल्टरचं. दिरांना माझा नमस्कार सांगा, ते चांगल्या मनानंच सांगतायत. मी निगेटिव्हवर शिसपेन्सिलनं रिटच करायला शिकलेला माणूस आहे. काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, खालनं उजेड, आणि टोकदार पेन्सिलनं एकेक पुटकुळी भरायची. पुटकुळी आठवड्यात जाते, म्हणून ती भरायला मला कधी काही वाटलं नाही. पण लग्नाच्या फोटोंसाठी मुलीचे वडील यायचे आणि मुलीसमोर म्हणायचे, जरा उजळ करा. ती मुलगी खाली बघायची. मी त्यांना चहा पाजायचो, मुलीला खिडकीशी बसवायचो आणि रंगाला हात न लावता फोटो काढायचो. बहुतेक वेळा वडील तो फोटो बघून गप्प व्हायचे. सावळ्या चेहऱ्यावर बाजूनं मऊ उजेड पडला की गालाचं हाड, कपाळ, जबडा, सगळं कोरल्यासारखं उठून येतं. माझ्या हातून चांगले निघालेले फोटो बहुतेक सावळ्या माणसांचेच आहेत. फिल्टर नेमकं तेच पुसतो. रंग फिका करतो, त्वचा मेणासारखी करतो, भुवई हलली तरी कळू देत नाही. मुलाखत घेणाऱ्याला तुमची भुवई हललेली दिसली पाहिजे. तुम्ही विचार करताय हे त्याला तिथनंच कळतं. ताई, लावू नका. मनापासून सांगतोय.

हिंजवडीचा_कोल्हापुरी

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण पाठिंबा. फिल्टर लावलेला उमेदवार मला लगेच ओळखू येतो, आणि मग उगाच मनात येतं की नोकरीला लागल्यावर रोज असंच झाकून बोलणार का. तसं वाटायला नको, पण वाटतं.

पेठेतली_मी

नाही लावत. दिरांनाही हे वाचून दाखवलं, तेच आता बल्ब बदलून आणायला गेलेत.

शेवटचं एकच. आमच्या इथं संध्याकाळी कधीकधी लाईट जाते. इन्व्हर्टर नाही. मुलाखतीत गेली तर?

हिंजवडीचा_कोल्हापुरी

लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि मोबाईलचा हॉटस्पॉट एकदा जोडून बघा, म्हणजे राउटर बंद पडला तरी लॅपटॉप त्याच्यावर पटकन जाईल. मुलाखतीची लिंक मोबाईलमध्येही उघडून ठेवा. ज्यांनी वेळ ठरवली त्यांना आदल्या दिवशी एक ओळ लिहा, की वीज गेल्यास मी दोन मिनिटांत मोबाईलवरून जोडली जाईन, आणि खाली आपला नंबर द्या. आम्हाला अशी ओळ आली की बरं वाटतं.

करवीरचा_फोटोवाला

आणि पावणेसहापर्यंत गेली तर उजेडाची काळजी करू नका, खिडकी आहे. त्यानंतरसाठी चार्जिंगचा कंदील टेबलावरच्या दिव्याशेजारी तयार ठेवा, गेली की शीटवर फिरवायचा. तो एकदा लावून, पट्ट्या येत नाहीत ना एवढं आजच बघून घ्या.